अण्णा मयेकरांचा कोनाडा

"यावर तुमचा विश्वास बसायचा नाही," म्हातारा म्हणाला. "आजवर कुणाचाच बसलेला नाही. आणि ज्याचा बसेल त्याला मी पुन्हा गोष्ट सांगणार नाही. तसल्या माणसाला फसवण्यात मजा नाही."

धक्क्यावरच्या शेडमध्ये तिघंच होती. खाडीला ओहोटी होती आणि पलीकडे जाणारी होडी चिखलात बसली होती. होडी बिनतांडेलाची, उन्हावर चालणारी. पाणी पुरेसं चढलंय अशी तिची स्वतःची खात्री पटेपर्यंत ती जागची हलत नसे. पूर्वी निदान शिव्या घालायला तांडेल तरी असायचा. सदानंद खोत नावाचा वायरमन हत्यारांच्या पिशवीवर डोकं टेकून आडवा झाला होता. मथुराबाई दूरच्या गावाहून लेकीकडे निघाल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी पिशवीतल्या वालाच्या शेंगा सोलायला घेतल्या होत्या.

"सांगा," मथुराबाई म्हणाल्या. "खोटं असलं तरी चालेल. कंटाळवाणं नको."

म्हाताऱ्याने घसा साफ केला आणि सुरुवात केली.

पलीकडच्या नारवेल गावात दमयंती शिरधनकर नावाची बाई होती. पाणमांजरांची शास्त्रज्ञ. खाडीतली पाणमांजरं संपली होती, ती परत आणायचं काम एका संस्थेने तिच्यावर सोपवलं होतं. पिल्लं दुसरीकडून आणता येतात हो, पण सोडायची कुठं? तिथं त्यांना जागा आहे की नाही हे आधी कळायला हवं.

"जिवाची जागा दोन तऱ्हेची असते," शाळेतली पोरं केंद्र बघायला आली की दमयंती त्यांना सांगायची. "एक पत्ता आणि एक कोनाडा. पत्ता म्हणजे तो राहतो कुठं. कोनाडा म्हणजे तो जगतो कसा. काय खातो, केव्हा खातो, किती खोल पाण्यात शिरतो, कुणाला चुकवतो. आपल्या खाडीत खंड्या आहे, ढोकरी आहे, पाणकावळा आहे. तिघांचा पत्ता एक आणि मासेही तेच. पण खंड्या वरून सूर मारतो, ढोकरी काठाशी ढिम्म उभी राहते आणि पाणकावळा बुडी मारून पाठलाग करतो. कोनाडे वेगळे, म्हणून तिघं सुखाने नांदतात. दोघांचा कोनाडा अगदी एकच झाला, की मात्र एकाला जावं लागतं. मारामारी वगैरे होत नाही. एक जण जरा लवकर पोचतो, एवढंच. दुसरा हळूहळू संपतो. आणि आपण का संपलो ते त्याला कळतसुद्धा नाही."

हे शेवटचं सांगताना ती पोरांकडे बघत नसे, खिडकीबाहेर बघत असे. खिडकीतून बाजारपेठ दिसायची, आणि बाजारपेठेत अण्णा मयेकर दिसायचे.

अण्णा दिसले नाहीत असा दिवस नारवेलमध्ये उगवलाच नव्हता. लग्न ठरवायचं तर बोलणीला अण्णा. पंगतीत रुसलेला व्याही कुठं बसवायचा, ते अण्णा सांगणार. शाळेत प्रवेश, भावाभावांतली वाटणी, विहिरीत पडलेली म्हैस, सगळीकडे अण्णाच पुढे. आणि कुणी गेलं, की डॉक्टरच्या आधी बांबू आणि सुंभ घेऊन दारात अण्णा. त्यांनी बांधलेली तिरडी अशी पक्की, की एकदा नानू परबाला वाटेत शुद्ध आली तर त्याला सोडवायला सुतार बोलवावा लागला.

"हॅ," सदानंद डोळे न उघडता म्हणाला.

"हॅ काय? सुताराला विचार."

"तो कुठं असतो?"

"वारला. अण्णांनीच बांधला."

मथुराबाई हसल्या. म्हातारा पुढे निघाला.

तर दमयंतीच्या मनात अण्णांविषयी जे होतं ते जुनं होतं. ती चोवीस वर्षांची असताना लांज्याच्या देसायांकडून तिला स्थळ आलं होतं. अण्णाच मध्यस्थ. पोहे झाले, मुलाने होकार दिला, दोघांच्या हसण्याचा आवाज स्वयंपाकघरात आईपर्यंत पोचला. अण्णा पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. गाडीचं दार लावता लावता ते मुलाच्या काकांच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले. एकच वाक्य असेल. काकांनी मान हलवली. देसायांकडून पुन्हा निरोप आला नाही.

लग्न मोडल्याचं दमयंतीला फार वाटलं नाही. तो मुलगा पुढे टक्कल पडून दुबईला गेला. पण आई खचली. मुलीत काय खोट निघाली, असं बायका विचारतील म्हणून तिने हळदीकुंकवाला जाणं सोडलं, मग देवळात जाणं सोडलं, मग अंगणात येणं सोडलं. शेवटी ती गेली तेव्हा तिची तिरडी बांधायला कोण आलं? अण्णा. गाठ मारताना म्हणाले, "माउली फार लवकर गेली हो." दमयंतीने त्या गाठीकडे बघितलं आणि दात आवळले. ते पुढे वीस वर्षं आवळलेलेच होते.

आता यंत्र.

ते बनवलं नफीसा मुकादमने. ती दमयंतीची सहकारी आणि एकुलती एक मैत्रीण. मसुराच्या दाण्याएवढी चकती जनावराच्या कातडीखाली बसवायची. मग ते कुठं जातं, कधी धावतं, केव्हा घाबरतं, कुणाच्या आवाजाने थांबतं, ते सगळं यंत्राकडे येतं. यंत्र त्याचा एक ढग काढतं. खाण्याची एक बाजू, वेळेची एक, खोलीची एक, भीतीची एक, अशा कितीतरी बाजू असलेला ढग. हाच त्या जिवाचा कोनाडा. दोन जिवांचे ढग शेजारी ठेवले, की ते कुठं एकमेकांवर चढतात ते दिसतं. आणि कुणाचा पाय कुणाच्या शेपटीवर पडणार ते आधीच सांगता येतं.

"माणसाचा ढग निघेल?" दमयंतीने एकदा चहा पिताना विचारलं.

"निघेल की. माणूस काय आभाळातून पडलाय?" नफीसा म्हणाली. "फक्त माणूस खाण्यापेक्षा हाकेवर जास्त जगतो. कोण त्याला कशासाठी बोलावतं, ते मोजावं लागेल. का गं?"

"सहज."

पाणमांजर केंद्राचं उद्घाटन झालं. अध्यक्ष अर्थातच अण्णा. दमयंतीने स्वतःच्या हाताने त्यांना नारळ दिला आणि खांद्यावर शाल घातली. शालीच्या काठात तिने एक चकती शिवली होती. नफीसाने ते पाहिलं तेव्हा उशीर झाला होता.

"काढ ते," ती म्हणाली. "एका दिवसात काढ. नाहीतर मी सांगेन."

"कुणी सत्काराची शाल अंगावर घालून हिंडतं का? घरी गेल्या गेल्या कपाटात जाईल. किंवा दुसऱ्या कुणाच्या सत्काराला फिरून येईल. तू उगाच घाबरतेस."

नफीसाला ते पटलं. तिच्या घरात असल्या शालींची चळत होती. पण दमयंतीला आपला माणूस ठाऊक होता. अण्णांनी ती शाल मे महिन्यात घातली, बाजारात घातली, म्हशीला विहिरीतून काढताना घातली. घाम गळत असायचा आणि कुणी पाहिलं तर सांगायचे, "शास्त्रज्ञांनी सत्कार केला. नाही म्हणता येत नाही."

पावसाळा संपेतो अण्णांचा ढग पुरा झाला. केंद्रात एकटी असताना दमयंतीने तो पडद्यावर उघडला आणि ती खुर्चीत मागे सरली. एवढा मोठा कोनाडा तिने कुठल्याच जिवाचा पाहिला नव्हता. गावातल्या प्रत्येक घरात त्याची एक शेपटी गेली होती. पण शास्त्रज्ञाला ढगाच्या मोठेपणाचं काही नसतं. ती शेजारी कोण दबलंय ते बघते.

इथं मला खवल्यांचं सांगायला हवं. खाडीच्या खडकांवर दोन जातींचे खवले, म्हणजे कवचातले चिमुकले जीव, चिकटतात. एक जात नेहमी वर कोरड्या भागात, दुसरी खाली ओल्यात. लोकांना वाटायचं, वरच्यांना कोरडंच मानवतं. मग एका संशोधकाने खालचे खवले खरवडून काढले. बघतो तो वरचे सरसर खाली उतरले आणि मजेत वाढले. म्हणजे त्यांना खाली जगता येत होतं. जगू दिलं जात नव्हतं. प्रत्येक जिवाला असे दोन कोनाडे असतात. एक निसर्गाने दिलेला, एक शेजाऱ्यांनी शिल्लक ठेवलेला.

दमयंतीने यंत्राला विचारलं, अण्णांच्या सावलीत कोण कोण आहे? यंत्राने नावं दिली नाहीत, आवाज दिले. प्रत्येक मयताला अण्णांच्या मागे सुंभ धरून उभा राहणारा आणि "मी बांधू का?" असं पुटपुटणारा एक आवाज होता, तो बाबल्या चव्हाणचा. प्रत्येक बोलणीत अण्णा थांबले की अर्धं वाक्य सुरू करून गिळणारा आवाज लीला मोंडकर बाईंचा. म्हशीच्या वेळी "दोर उलट्या बाजूने घाला" असं तीनदा सांगणारा आणि कुणीही न ऐकलेला आवाज एका रिक्षावाल्याचा. अख्खं गाव अर्धी वाक्यं गिळून बसलं होतं.

तिने अण्णांविरुद्ध ब्र काढला नाही. सूड घ्यायचा तर खोटं बोलायची गरजच काय? कुणाकडे लग्न निघालंय असं यंत्राने सांगितलं, की ती आदल्या दिवशी लीलाबाईंकडे जाऊन म्हणायची, "तुम्हीच बोला की. तुम्हाला किती छान बोलता येतं." कुणी अत्यवस्थ आहे कळलं की बाबल्याला म्हणायची, "बांबू घरात ठेवलायस ना?" बस. जरा लवकर पोचवायचं, एवढंच.

पहिला दणका बसला तो गणपत वैद्यांच्या मयताला. अण्णा खांद्यावर बांबू आणि अंगावर शाल घेऊन लगबगीने आले. अंगणात तिरडी तयार होती. बाबल्या शेवटची गाठ आवळत होता.

"कुणी सांगितलं रे तुला?" अण्णा म्हणाले.

"कुणी नाही, अण्णा. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

अण्णांनी तिरडी हलवून बघितली. चांगली होती. तेच वाईट झालं. मडकं धरायला ते पुढे झाले, तर मडकं पुतण्याच्या हातात. मग ते बांबू धरून उभे राहिले, आणि लोक निघाले तेव्हा त्या बांबूंचं काय करायचं ते त्यांना कळेना. माडाच्या आडून दमयंती बघत होती. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली. घरी जाऊन तिने चार भाकऱ्या खाल्ल्या.

पडद्यावर ढग आटत चालला. आज एक शेपटी गळली, उद्या दुसरी. अण्णांनी धडपड केली. बोलावणं नसताना बारशाला गेले आणि पाळण्याची दोरी तपासली. पंगतीत मीठ वाढायला घेतलं. वाढप्यांनी गोड बोलून त्यांना पाटावर बसवलं आणि वर ताटाभोवती रांगोळी काढली. गावात मान तसाच होता, उलट वाढला होता. फक्त काम नव्हतं. मानाने पोट भरत नाही, हाकेने भरतं, असं यंत्रच सांगत होतं.

नफीसाला हे कळलं ते यंत्राच्या साठवणीतून. पाणमांजरांपेक्षा अण्णाच जास्त साठले होते.

"त्याला मारून टाकलं असतंस तर मी समजू शकले असते," ती दमयंतीला म्हणाली.

"मी त्याच्या केसालाही हात लावलेला नाही. गावाचं भलंच झालंय. बाबल्याला विचार, लीलाबाईंना विचार."

"त्यांचं झालं. तुझं काय झालं ते बघ." नफीसाने पडद्यावर दुसरा ढग उघडला. यंत्र जुळवण्यासाठी दोघींच्या ओळखपत्रांत चकत्या होत्या, त्यामुळे दमयंतीचाही ढग आपोआप निघत आला होता. त्याला ढग म्हणणं कठीण होतं. एक लांब, बारीक सुई होती आणि तिचं टोक अण्णांच्या ढगात रुतलं होतं.

"असा कोनाडा कुणाचा असतो ते तूच पोरांना शिकवतेस," नफीसा म्हणाली. "एकाच जातीचं भक्ष्य खाऊन जगणाऱ्याचा. भक्ष्य संपलं की तो संपतो. पाणमांजरं तू कधीच सोडून दिलीस, दमयंती. मलाही."

दुसऱ्या दिवशी नफीसाने बदली मागितली. जाताना तिने यंत्र नेलं नाही. डबा तेवढा नेला. त्या दोघी एकाच डब्यात जेवायच्या.

आणि त्यानंतर अण्णा गाव सोडून निघाल्याची बातमी आली.

दुपारची वेळ. स्टँडवर चिटपाखरू नव्हतं. अण्णा बाकावर बसले होते, पायाशी एक बॅग. दमयंती जाऊन शेजारी बसली.

"निघालात?"

"मुलाकडे. नाशिकला," अण्णा म्हणाले. "इथलं बघ ना, सगळं छान चाललंय. पोरं तयार झाली. आपलं वय झालं, दमू."

तिला ते सहन होईना. माणूस सुखाने निघाला होता. वयाला दोष देऊन, गावाला आशीर्वाद देऊन. म्हणून तिने त्यांना सगळं सांगितलं. शाल, चकती, ढग, बाबल्या, खवले. काही राखून ठेवलं नाही. ज्याच्यावर सूड उगवला त्यालाच माहीत नसेल तर तो सूड कसला? अण्णा ऐकत राहिले. शालीचा काठ अंगठ्याने चाचपत राहिले.

"म्हणजे हे तू केलंस."

"हो."

"आणि मी रोज गुडघ्याला तेल लावत होतो," अण्णा म्हणाले. "वाटलं, आपणच हळू पडतोय."

"लांज्याच्या देसायांच्या कानात तुम्ही काय सांगितलंत?"

"कोण देसाई?"

"मला बघायला आले होते ते. गाडीचं दार लावताना."

अण्णांनी आठवायचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला, अगदी कपाळाला आठ्या पडेस्तोवर. मग म्हणाले, "नाही गं आठवत. तेव्हा रोज कुणाच्या ना कुणाच्या कानात काहीतरी सांगत असायचो. गाडीपर्यंत सोडायला गेलं की माणसाला काहीतरी बोलावं लागतं."

तो नाकारील याची तयारी तिने केली होती. रडला, पाया पडला, तर काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. आठवत नाही, याची तयारी नव्हती. आईचं अख्खं आयुष्य ज्या वाक्यात बुडालं ते बोलणाऱ्याने तिथंच टाकून दिलं होतं, पानाची पिंक टाकावी तसं.

बस आली. अण्णा उठले. दमयंतीला डोळ्यांसमोर ती सुई दिसली. हा माणूस या पायरीवर चढला की तिच्याकडे उद्या उठायला कारण उरणार नव्हतं. तिला दया आली म्हणाल तर अजिबात नाही. तिने त्यांच्या हातातून बॅग घेतली, त्यांच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "माझी तिरडी तुम्हीच बांधायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, तसं मी गावाला बजावणार. तेवढं एक काम मी तुमच्यासाठी ठेवलंय. वाट बघा. मी सावकाश जाणार आहे."

बस रिकामीच गेली.

म्हातारा थांबला. खाडीचं पाणी होडीच्या बुडाला लागलं होतं. सदानंद उठून बसला होता.

"मग?"

"मग काय. अण्णा राहिले. हाक तर हवी ना माणसाला, मग ती कसलीही असो. या गोष्टीवर दोघंही कुणाशी अवाक्षर बोलले नाहीत. पण दमयंती तेव्हापासून नाचणीची आंबील पिऊ लागली. सकाळी खाडीकाठाने तरातरा चालायला लागली. वाटेत अण्णा भेटले की त्यांनी न विचारताच सांगायची, 'तब्येत उत्तम आहे.' डॉक्टरकडून आली की मुद्दाम त्यांच्या दारावरून यायची. अण्णा बांबू वाळवत बसलेले. तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा माणूस."

"बाई कडू हो," सदानंद म्हणाला.

"थांब, खरी मौज पुढेच आहे." म्हाताऱ्याचे डोळे लकाकले. "अण्णांनी डाव उलटवला. मागल्या मार्गशीर्षात ते मेले. झोपेत. चेहऱ्यावर हसू होतं असं म्हणतात. बाबल्याने तिरडी बांधली, दमयंती अंगणात येऊन उभी राहिली, तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. घरी जाऊन तिने यंत्र उघडलं, तर पडदा कोरा. तिचा ढग नाही, सुई नाही, काही नाही. रुतायला काही उरलंच नव्हतं. आठवडाभरात ती गेली. असा सूड बघितलाय कधी? नुसतं मरून घेतलेला. शेवटी कोण जिंकलं, सांगा."

"अण्णा," सदानंद कौतुकाने म्हणाला.

होडीने भोंगा दिला. सदानंदने पिशवी उचलली. म्हातारा उठायला लागला, पण मथुराबाई उठल्या नाहीत. त्यांनी वालाचे दाणे ओच्यातून पिशवीत ओतले आणि टरफलं झटकली.

"खोटं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "स्टँडवर तिसरं माणूस नव्हतं. ती कानात बोलली आणि दोघंही त्यावर कुणाशी बोलले नाहीत. बाई काही असलं सांगत फिरणारी नव्हे. मग ते वाक्य तुमच्यापर्यंत आलं कुठनं?"

म्हाताऱ्याने सदानंदकडे बघितलं. सदानंद म्हाताऱ्याकडेच बघत होता.

"तुम्ही मेलेला नाहीत, अण्णा," मथुराबाई म्हणाल्या. "आणि तीही नाही."